मानेतील नस आणि हाताची वेदना
(वसंतपंचमीच्या मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



वसंतपंचमीला आपण राजा भोजाच्या स्मरणार्थ एकत्र जमतो. त्या राजाविषयी बल्लाळाच्या ‘भोजप्रबंधा’त एक कथा आहे. राजाचे मस्तक असह्य दुखू लागले आणि दरबारच्या वैद्यांचे उपाय थकले. तेव्हा परक्या वेषात आलेल्या दोन वैद्यांनी चूर्ण देऊन त्यास निश्चेष्ट केले, कवटी उघडून व्याधीचे मूळ बाहेर काढले, आणि पुन्हा सांधून राजास शुद्धीवर आणले. भोज अकराव्या शतकातला आणि ग्रंथ त्याच्यामागून काही शतकांनी रचलेला. म्हणून या कथेला इतिहास मानण्याचे कारण नाही, आणि पूर्वी आपल्याकडे सर्व काही होते असे तिच्यावरून सिद्ध करणाऱ्यांच्या वाटेला मी जाणार नाही. मला तीत एवढेच लक्षणीय वाटते की, राजाने आपले मस्तक वैद्याच्या स्वाधीन केले. आमच्या गोंदिया जिल्ह्यातील पोवार शेतकरी मात्र मानेच्या शस्त्रक्रियेचे नाव निघताच पागोटे सावरून उठतो, आणि ‘डॉक्टरसाहेब, मानेला हात लावला की माणूस जन्मभर खाटेवर’ असे म्हणून निघून जातो. ही समजूत कितपत खरी आहे, हाच माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम रचना पाहू. मानेत सात मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये चकती असते. तिला आपण गादी म्हणतो. तिचे बाहेरचे कवच चिवट व आतला गाभा मऊ असतो. मणक्यांच्या पाठीमागील नळीतून मज्जारज्जू खाली उतरतो, आणि त्यापासून मानेत दोन्ही बाजूंस आठ आठ नसा फुटून लहान लहान खिडक्यांवाटे बाहेर पडतात. त्यांपैकी खालच्या नसा खांद्यातून हातात जातात. वयोमानाने गादी झिजते, तिची उंची कमी होते, कडेला हाडाचे कंगोरे वाढतात. किंवा एखाद्या वेळी कवच फाटून आतला गाभा बाहेर येतो. खिडकी अरुंद झाली की नस चेपते. चेपते मानेत, परंतु दुखतो हात. आणि सर्व घोटाळा येथूनच सुरू होतो. रोगी दंडाला तेल चोळतो, कोपर शेकतो, मनगटाला दोरा बांधतो, आणि मूळ मात्र वीतभर वर असते.

बहुधा पाचव्या-सहाव्या किंवा सहाव्या-सातव्या मणक्यांमधली गादी बिघडते. पहिल्या प्रकारात वेदना दंडाच्या बाहेरच्या अंगाने अंगठ्यापर्यंत उतरते. दुसऱ्यात मधल्या बोटापर्यंत जाते व कोपर सरळ करण्याची शक्ती कमी होते. ही वेदना साधी नसते. विजेचा झटका बसावा तशी ती येते, खोकल्याने वाढते, मान मागे करून दुखऱ्या बाजूस झुकविली की उसळते. हाताचा तळवा डोक्यावर ठेवून बसले म्हणजे कित्येकांना आराम पडतो, कारण त्या स्थितीत नसेवरचा ताण सैल होतो. आपल्या घरात असे बसणे अशुभ मानतात, आणि म्हातारी आई ‘डोक्याला हात लावून काय बसलास?’ म्हणून रागावते. तिने रागावू नये. तो हात रोगाचे निदानच सांगत असतो.

आपल्या जिल्ह्यातील श्रमाकडेही पाहिले पाहिजे. आमचे जीवन धानावर चालते. रोवणीच्या दिवसांत आमच्या माता-भगिनी चिखलात दिवसदिवस कमरेत वाकून आणि मान वर करून पऱ्हे लावतात. कापणीनंतर धानाचे भारे चुंबळीवर घेऊन पुंजण्यापर्यंत नेले जातात. राईस मिलमध्ये हमाल पोती डोक्यावर व मानेच्या मुळाशी पेलतो. उन्हाळ्यात तेंदूपत्त्याचे ओझे असते. मनुष्याचे डोकेच सुमारे पाच किलोचे आहे, त्यावर हा भार पडतो. घाना देशात डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांच्या मानेची क्षकिरण-चित्रे काढून केलेले संशोधन १९९४ साली प्रसिद्ध झाले; त्यात अशा लोकांच्या मानेत झीज अधिक आढळली. तथापि ओझे वाहणाऱ्या प्रत्येकाची नस चेपते असे नाही, आणि कधी पोते न उचललेल्या शिक्षकाची व कारकुनाचीही चेपते. तेव्हा सर्व दोष श्रमाच्या माथी मारू नये.

आता हाताची प्रत्येक वेदना मानेतूनच येते असेही नव्हे, आणि आमच्या भागात हे विशेष ध्यानात ठेवावे लागते. डावा हात दुखतो, छातीवर दडपण आहे, घाम सुटला आहे, अशा वेळी मानेचा विचारही मनात आणू नये. प्रथम हृदयाची तपासणी करावी. अमेरिकेतील मेम्फिस येथील सेम्स व मर्फी या शल्यचिकित्सकांनी १९४३ साली मानेतील नस चेपलेले चार रोगी वर्णिले, त्यांची लक्षणे हृदयविकारासारखीच होती. इतके हे साम्य फसवे आहे. करंगळी बधिर होऊन बोटे वाकडी होऊ लागली, कोपराच्या मागची नस दोरीसारखी जाड लागू लागली, किंवा अंगावर बधिर चट्टा दिसला, तर तो कुष्ठरोग असू शकतो. पूर्व विदर्भातून हा रोग अजून गेलेला नाही. त्याचे औषध सरकारी दवाखान्यात विनामूल्य मिळते, आणि लाजेपायी तो लपविण्यासारखे दुसरे नुकसान नाही. रात्री झोपेतून उठविणारी, हात झटकल्यावर कमी होणारी मुंगी पुष्कळदा मनगटात चेपलेल्या नसेची असते. विड्या वळणाऱ्या स्त्रियांनी हे लक्षात ठेवावे. मान दुखते, संध्याकाळी ताप येतो, वजन उतरत चालले आहे, असे असल्यास मणक्याचा क्षय नाही ना, हे पाहावे. आणि ‘मला सर्व्हायकल आहे’ असे म्हणण्याची जी रीत पडली आहे, तिच्याविषयीही एक शब्द बोलतो. सर्व्हायकल म्हणजे केवळ मानेचा. ते अवयवाचे विशेषण आहे, रोगाचे नाव नव्हे. आणि ते उच्चारल्याने निदान झाले असे होत नाही.

निदान पक्के झाले की, रोगी पहिला प्रश्न विचारतो: कापावे लागेल काय? बहुतेकांना द्यावयाचे उत्तर आनंदाचे आहे. अमेरिकेतील रॉचेस्टर गावी १९७६ ते १९९० या काळात अशी नस चेपलेल्या ५६१ रोग्यांची माहिती डॉ. के. राधाकृष्णन या भारतीय तज्ज्ञाने आपल्या सहकाऱ्यांसह तपासून १९९४ साली प्रसिद्ध केली. त्यांपैकी सुमारे चौथा हिस्सा रोग्यांवर शस्त्रक्रिया झाली होती. आणि शेवटच्या तपासणीत शेकडा नव्वद रोग्यांना काही त्रास नव्हता, किंवा असलाच तर किरकोळ होता. स्वीडनमध्ये ८१ रोग्यांचे तीन गट करून एकास शस्त्रक्रिया, दुसऱ्यास व्यायामोपचार व तिसऱ्यास मानेचा पट्टा दिला गेला. पहिल्या काही महिन्यांत शस्त्रक्रियेचा गट पुढे होता. वर्ष उलटल्यावर तिघांत म्हणण्यासारखा फरक उरला नाही. हा निष्कर्ष १९९७ सालचा आहे. बाहेर आलेला गाभा कालांतराने सुकतो, सूज ओसरते, आणि नस मोकळी होते. म्हणून केवळ वेदना आहे व हाताची शक्ती शाबूत आहे, अशा रोग्याने सहा ते बारा आठवडे वेदनाशामक औषधे, ओझ्याला सुट्टी, काही दिवसच पट्टा आणि शिकविलेला व्यायाम एवढ्यावर धीर धरावा. पट्टा महिनोन्महिने घालून मानेचे स्नायू दुबळे करू नयेत.

एम.आर.आय.चे चित्र पाहून घाबरणारेही पुष्कळ असतात. १९९० साली अमेरिकेत कसलाही त्रास नसलेल्या ६३ निरोगी माणसांच्या मानेची अशी चित्रे काढण्यात आली, तेव्हा चाळिशी ओलांडलेल्यांपैकी २८ टक्के लोकांच्या चित्रात मोठा दोष दिसला. चाळिशीनंतर केस पिकावेत तशा गाद्याही पिकतात. ज्या गादीचा दोष रोग्याच्या बोटाशी, त्याच्या शक्तीशी व त्याच्या वेदनेशी जुळतो, त्याच गादीला दोषी धरावे. निव्वळ चित्रावरून सुरी उचलणारा शल्यचिकित्सक मला मान्य नाही.

परंतु आता मी ज्या गोष्टीकडे येत आहे, तिच्यासाठीच हा सारा प्रपंच केला. आमचे लोक वेदनेला भितात आणि दुबळेपणाला भीत नाहीत. वस्तुतः भीती याच्या उलट असावयास हवी. वेदना ओरडून सांगते, तिला बहुधा काळच औषध असतो. दुबळेपणा मुकाट्याने येतो, आणि त्याला काळ हेच विष असते. विशेषतः दाब एका नसेवर न राहता मज्जारज्जूवर पडू लागला म्हणजे पुष्कळदा दुखतच नाही. सदऱ्याची बटणे लावताना बोटे अडखळतात. सुटी नाणी मोजता येत नाहीत. धुऱ्यावरून चालताना तोल जातो, पायातील चप्पल निसटली तरी कळत नाही, मान पुढे वाकविली की पाठीतून झिणझिणी उतरते. आणि पुढे लघवीवरचा ताबा सुटू लागतो. घरची मंडळी म्हणतात, वय झाले. एक सोपी परीक्षा सांगतो. निरोगी मनुष्य दहा सेकंदांत मूठ वीस वेळा तरी पुरती उघडू-मिटू शकतो. ज्याला ते जमत नाही, त्याने रोवणी आटोपण्याची वाट न पाहता तज्ज्ञाकडे जावे.

माझ्याकडे आलेले एक गृहस्थ मला नेहमी आठवतात. पन्नाशीचे, स्वतःच्या चार बांध्या असून हंगामात मिलवरही राबणारे. आरंभी हात दुखत होता. तो काही महिन्यांनी आपोआप थांबला, म्हणून ते निश्चिंत झाले. पुढे विळा हातातून गळू लागला. कोणी सांगितले म्हणून ते एका जाणत्याकडे जाऊन दर आठवड्यास मान मोडून घेत; प्रत्येक हिसक्यानंतर दोन दिवस बरे वाटे. असे वर्ष-दीड वर्ष गेले. दोन मुलांच्या खांद्यांचा आधार घेऊन ते माझ्याकडे आले, तेव्हा दोन ठिकाणी मज्जारज्जू चिपटला होता. मी त्यांना नागपूरला पाठविले. शस्त्रक्रिया निर्विघ्न झाली. ते काठी टेकून चालू लागले, लघवीचा त्रास गेला. बोटे मात्र परत आली नाहीत. ज्या हाताने हजारो जुड्या बांधल्या, त्या हाताने आज घास धरवत नाही. सून चमचा देते. शेजाऱ्यांनी सांगितले, ‘पाहा, मानेचे ऑपरेशन केले आणि हात गेले.’ हात शस्त्रक्रियेने गेले नव्हते, ते तिच्या आधीच्या दीड वर्षात गेले होते. पण गावात कथा मात्र उलटी पसरली, आणि तिने आणखी किती जणांना घरी बसविले असेल, ते देव जाणे. मान मोडून घेण्याची ही रीत, मग ती केशकर्तनालयात असो वा अन्यत्र, सर्वस्वी टाकून द्यावी. तिने मज्जारज्जूला इजा होऊ शकते, आणि मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटून पक्षाघातही होऊ शकतो.

शस्त्रक्रियेविषयी जी भीती आहे, ती एके काळी निराधार नव्हती. लंडनमध्ये १८८७ साली व्हिक्टर हॉर्स्ले याने मज्जारज्जू दाबणारी गाठ प्रथम यशस्वीपणे काढली. त्यानंतरही बराच काळ मणक्याची शस्त्रक्रिया मोठी जोखमीची राहिली. गादी फुटून नस दाबते, हेच मुळी १९३४ साली बॉस्टनच्या मिक्स्टर व बार यांनी नीट दाखवून दिले. मानेच्या शस्त्रक्रिया पूर्वी पाठीमागून होत, आणि समोरचा दोष काढण्यास मज्जारज्जूला वळसा घालणे कठीण जाई. १९५५ साली बाल्टिमोरच्या रॉबिन्सन व स्मिथ यांनी, आणि १९५८ साली होनोलुलूच्या राल्फ क्लॉवर्ड यांनी, पुढून जाण्याचा मार्ग प्रसिद्ध केला. आपल्या देशात मेंदू व मज्जारज्जूच्या शल्यशास्त्राचा विभाग वेल्लोरला डॉ. जेकब चॅंडी यांनी १९४९ साली सुरू केला, आणि १९५० साली मद्रासला डॉ. राममूर्ती यांनी काम आरंभिले.

पुढून मान उघडणे म्हणजे गळा कापणे, असे ऐकणाऱ्यास वाटते. प्रत्यक्षात हाच मार्ग सौम्य आहे. गळ्याच्या घडीत एका बाजूस दोन-तीन बोटे रुंदीचा छेद घेतात. अन्ननलिका व श्वासनलिका एकीकडे, मोठी रक्तवाहिनी दुसरीकडे सारली की, त्यांच्यामधून जवळजवळ काही न कापता मणक्यापर्यंत पोहोचता येते. सूक्ष्मदर्शकाखाली बिघडलेली गादी पूर्ण काढतात, नसेवरील कंगोरे घासतात, आणि रिकाम्या जागी आधार बसवितात. पूर्वी त्यासाठी कमरेच्या हाडाचा तुकडा घेत, व रोगी मानेपेक्षा कमरेचीच तक्रार अधिक करी. आता बहुधा धातूचा किंवा विशिष्ट प्लास्टिकचा लहान पिंजरा ठेवून पट्टी व स्क्रू लावतात, आणि काही महिन्यांत दोन मणके सांधून एक होतात. क्वचित कृत्रिम हलती गादीही बसवितात. दोष केवळ कडेच्या खिडकीत असेल तर पाठीमागून ती खिडकी रुंद करून भागते, सांधावे लागत नाही. आणि अनेक ठिकाणी दाब असेल तर मागची कमान उघडून मज्जारज्जूला जागा करून देतात.

एका गादीची शस्त्रक्रिया साधारणतः दोन तासांची असते; रोगी त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी उठून चालतो. हातातील कळ पुष्कळदा शुद्धीवर येतानाच गेलेली असते. मुंगी जाण्यास महिने लागतात. शक्ती हळूहळू येते, व जितका उशीर झाला असेल तितकी ती अपुरी येते. निव्वळ मानदुखी जाईलच असे वचन कोणीही देऊ नये. ही शस्त्रक्रिया हातासाठी व मज्जारज्जूसाठी आहे. काही दिवस गिळताना त्रास होतो. आवाज बसतो, तो बहुतेकांचा परत येतो. जंतुसंसर्ग, गळ्यात रक्त साठणे, सांधा न जुळणे, पुढे वर्षांनी शेजारची गादी झिजणे हे धोके आहेत. मज्जारज्जूला इजा होऊन लुळेपणा येणे, हा धोकाही आहे. पण तो अनुभवी हातांत फारच विरळा असतो. ज्याचा मज्जारज्जू आधीच चेपत चालला आहे, त्याला शस्त्रक्रिया न करण्याचा धोका त्याहून कितीतरी मोठा असतो.

शेवटी व्यवहाराचे. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. पहिली तपासणी तेथे करून घ्यावी. पुढील उपचारासाठी रेल्वेने सुमारे १३० किलोमीटरवर नागपूर आहे, आणि तेथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाखेरीज २०१८ पासून एम्सही आहे. महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत मेंदू व मज्जारज्जूच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. तेव्हा बांधी गहाण टाकण्यापूर्वी शिधापत्रिका व आधारपत्र घेऊन आरोग्यमित्रास भेटावे, आणि आपली शस्त्रक्रिया कोणत्या रुग्णालयात योजनेखाली होते, ते आधी विचारून घ्यावे. एम.आर.आय.चा केवळ कागद नव्हे, मूळ चित्रेही सोबत न्यावीत. आपल्या भागात सिकलसेल आढळतो. ती तपासणी झाली नसल्यास भूल देण्यापूर्वी करून घ्यावी, आणि झाली असल्यास भूलतज्ज्ञास आवर्जून सांगावी. मधुमेह असल्यास साखर आटोक्यात आणावी. तंबाखू व विडी सोडावी. तंबाखूने हाड सांधत नाही. ही अट ऐकून माझे निम्मे रोगी नाराज होतात, पण तिला पर्याय नाही.

परत कामावर केव्हा, असे सर्वजण विचारतात. बैठे काम चार-सहा आठवड्यांनी करता येते. शेतातील हलके काम सुमारे तीन महिन्यांनी, आणि तेही सांधा जुळल्याचे चित्रात दिसल्यावर करावे. डोक्यावरचे ओझे मात्र कायमचे उतरवावे, असे मी सांगतो. भारा बैलगाडीत किंवा ट्रॅक्टरमध्ये जाऊ शकतो. रोवणीस बसणाऱ्या भगिनींनी पहिला हंगाम सोडावा. घरच्या माणसांनी तो एक हंगाम त्यांना सोडू द्यावा, एवढी विनंती मी येथे जमलेल्या पुरुषवर्गास करतो.